शुक्रवारी एकेकच वाक्य

६ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार

शी! प्रार्थना होती की चावडी? चर्चच्या पाळकसाहेबांकडे शिरूर आणि दौंड अशा दोन मंडळ्या, म्हणून इथली दौंडची शुक्रवारची सामुदायिक प्रार्थना माझ्या गळ्यात. शाळेत शिकवते ना, बाईंना लोक सांभाळता येतात!

ताईबाईंनी डोळे मिटून सुरू केलं — "प्रभू, कॉलनीतल्या एका बहिणीची पोरगी कुणाबरोबर तरी हिंडती, मी नाव घेत न्हाई..." क्वार्टरचा नंबर तेवढा सांगायचा राहिला. वर मागून जोरात आमेन.

मग जयसिंगमामा. रेल्वेतून रिटायर झालेले, वेळच वेळ. नळाला पाणी आलं नाही ते देवाला सांगितलं, पॅसेंजर लेट झाली तेही सांगितलं. "हिचा गुडघा सुजलाय, प्रभू. दुपारची भाकरी मऊ झाली व्हती, तुझे आभार." अहो, भाकरी थापणारी रंभामामी शेजारी बसलीय, तिला घरी सांगा की! आणि मामी? डोळे मिटायचं नावच नाही. टक लावून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. देवाच्या घरात, या वयात! किळस आली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तेच. ताईबाईंकडे ताजी बातमी. मामांची आज आमटी. मग स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन — "डाक्टर करा म्हणतोय, प्रभू, पर भ्या वाटतंय." मामीनं तोंडाला पदर लावला. नाटकं नुसती. असल्या बडबडीला प्रार्थना म्हणायची लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

केलं! गीत संपताच नियम सांगून टाकला — प्रत्येकानं एकच वाक्य, आणि घरच्या गोष्टी घरी. ताईबाईंचं तोंड उतरलं. जयसिंगमामा उभे राहिले. "प्रभू, तुझे आभार. आमेन," आणि बसले. किती लवकर आटपलं! चर्च झाडून काढल्यासारखं वाटलं. मामी माझ्याकडे न बघता चपला घालून गेली. फुगली असेल. फुगू दे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा एकटेच आले. मामी नाही. एक वाक्य, आमेन. अशी असते प्रार्थना.

१ मार्च, रविवार

उपासनेनंतर रंभामामीनं मला नळापाशी गाठलं. मी भांडणाच्या तयारीत. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोरीनं तिच्या मनानं लगीन केलं, मी तिच्या बाजूनं उभी ऱ्हायले. तवापासनं हे घरात माझ्याशी बोलत न्हाईत. शुक्रवारी देवाला सांगायचे, ते मी ऐकायची. आता डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का न्हाई, कुणाला इचारू?"