जुडिताच्या जागी

वॅलेटा, रविवार

जुडिताताई,

ऑगस्टमध्ये तू मेलबर्नहून येणार, दोन आठवडे आईजवळ राहणार, हे वाचून मी आधी नाचलेच. मग नुसती बसून राहिले. ये म्हणू की नको, मला खरंच कळत नाहीये.

आईला आता माणसं नीट ओळखू येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. एक मात्र मी सांगितलं नाही. वर्षभर ती मला जुडिता म्हणते. सुरुवातीला मी म्हणायचे, "आई, मी फिलोमेना." ती रडायची. मग मी ओ द्यायला लागले.

परवा आम्ही बाल्कनीत शेंगा सोलत होतो. खाली बंदरातून एक जहाज भोंगा देत निघालं. आईनं माझा हात धरला. "जुडिता, तू गेलीस त्या दिवशी मी मुद्दाम धक्क्यावर आले नाही. रागात होते गं. माफ करशील?"

तीस वर्षं तू ज्या शब्दांची वाट पाहिलीस, ते मी ऐकले. आणि तुला न विचारता म्हणाले, "केव्हाच केलं, आई."

आता तिनं तुला ओळखलं नाही तर? आणि ओळखलं, तर मी कोण?

आज तुझी खाट झाडत होते. आईनं विचारलं, "कोण येतंय?"

"तुझी मुलगी."

"फिलोमेना?" तिचा चेहरा उजळला. "बरं झालं. फार दिवसांत दिसली नाही गं ती."

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर एवढंच म्हणेन, लवकर ये.

तुझी धाकटी,
फिलोमेना