काळी मोटार आणि तिचा दुसरा गिअर यांबाबतचे मृत्युपत्र

मी, विरुपाक्ष मडिवाळप्पा होनमुर्गी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भाड्याची मोटार चालविणे, शिक्षण मराठी चौथी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या दौतीतील शाईने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. डोळ्यांना चष्मा आहे, कानांना काही झालेले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. तसे घालू शकेल असा माणूस आमच्या घरात अद्याप जन्मलेला नाही. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी.

मृत्युपत्रात खाडाखोड असल्यास लोक संशय घेतात, असे वकिलांनी सांगितले आहे. सबब एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. मत बदलल्यास पुढे नवे कलम लिहीन.

कलम पहिले. बाळीवेशीतील माझे राहते घर, दोन खोल्या व पुढील पत्र्याची शेड, माझी पत्नी नागम्मा हिच्या मालकीचे व्हावे. तिच्यानंतर ते आमची एकुलती मुलगी चन्नम्मा हिचे. शेडमध्ये मोटार उभी राहते. तेथील फरशीवर ऑईलचे डाग आहेत. ते निघत नाहीत, कोणी घासत बसू नये.

कलम दुसरे. पोस्टातील शिल्लक नागम्माची. ती किती आहे हे तिला ठाऊक आहे. इतरांनी विचारू नये.

कलम तिसरे. माझे सर्व पाने, जॅक, तेलाची पिचकारी आणि लोहचुंबक माझे मित्र कासीम मिस्त्री यांना द्यावेत. त्यांचे गॅरेज होटगी रस्त्यावर आहे. वास्तविक मला त्यांची साक्षीदार म्हणून सही हवी होती. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे. मी त्यांना विचारले, सही करता की पाने घेता? ते म्हणाले, "सही इसूफ करंल, माझा भाऊच हाय. पाने मी घेतो. त्यातले अर्धे पाने तसे बी माझेच हाईत." हे खोटे आहे, परंतु आता त्याला अर्थ उरलेला नाही.

माझ्या पुतण्याने स्वतःच्या लग्नात मोटार मागून नेली आणि होटगीपासून सोलापूरपर्यंत एकाच गिअरवर आणली. इंजिनाला त्या दिवशी जो वास आला तो मी विसरलेलो नाही. त्याला मोटारीत बसण्यास माझी हरकत नाही. मागील सीटवर बसावे.

कलम चौथे. माझी काळी मोटार, विलायती बनावटीची, चार दरवाज्यांची, सन १९५१ ची. गिरणीतील एक साहेब मायदेशी परत जाताना मी ती त्यांच्याकडून जवळजवळ कोरी घेतली. मैलांचे आकडे दोनदा भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाले आहेत. अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, तुळजापूर या रस्त्यांवर तिने मला उपाशी ठेवले नाही. तिचा गिअरबॉक्स आजवर एकदाही उघडलेला नाही.

मात्र मी घेतल्यापासूनच तिचा दुसरा गिअर उतारावर सुटतो. घाट उतरताना गाडी इंजिनाने रोखून धरावी म्हणून दुसरा टाकावा, तर थोड्या अंतरावर दांडा आपण होऊन मधल्या जागी येतो आणि गाडी मोकळी धावू लागते. मग सगळी भिस्त ब्रेकवर. यावर उपाय म्हणून नागम्मा पुढील सीटवर माझ्या डावीकडे बसे व उतार लागला की दांडा हाताने दाबून धरी. तिला घेतल्याशिवाय मी तुळजापूरच्या घाटात एकही भाडे नेलेले नाही. उतारूंना वाटे, बाई दर्शनाला निघाल्या आहेत. दर्शनही ती घेतच असे, परंतु नंतर.

असे का होते, याचा मी पुष्कळ शोध घेतला. गिअरचे ऑईल काढून मलमलीतून गाळले. चुंबक फिरवून लोखंडाचा कीस किती निघतो ते पाहिले. फार निघाला नाही. इंजिनाखालील रबरे बदलली. वरील स्प्रिंग बदलली. पहिला सुटत नाही, तिसरा सुटत नाही, चौथाही सुटत नाही. एकाच पेटीत, एकाच तेलात राहणाऱ्या चौघांपैकी एकालाच हा आजार का असावा? प्रवासात, जेवताना, देवळाच्या रांगेतसुद्धा हा प्रश्न माझ्यासोबत असे.

आमचे जावई कल्लप्पा अक्कलकोट रोडवरील मागाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यापासून ते घरी आहेत. त्यांचे लायसन आहे, हात चांगला आहे, मीच शिकविले आहे. माझ्यामागे मोटार त्यांना मिळावी आणि त्यांनी ती भाड्याने चालवावी, अशी चन्नम्माची फार इच्छा आहे. तथापि ज्या गाडीचा गिअर घाटात सुटतो ती मी त्यांच्या स्वाधीन करणार नाही. उतारूंचा जीव आहे आणि माझ्या मुलीचे कुंकू आहे. सबब माझ्या मृत्यूनंतर मोटार भंगारात विकावी आणि येणारी रक्कम नागम्माला द्यावी.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी कागद मोठ्याने वाचून दाखविला. नागम्मा, चन्नम्मा, कल्लप्पा व कासीम मिस्त्री हजर होते. त्यानंतर जे बोलणे झाले त्यामुळे पुढील कलमे लिहावी लागत आहेत. ज्याचे बोलणे त्याच्या तोंडचेच ठेवले आहे. शुद्धलेखनाची जबाबदारी माझ्यावर नाही.

कल्लप्पा म्हणाले, "मामा, घाटात न्हाय नेत मी. अक्कलकोटपतुरच मारतो. सपाट रस्ता हाय."

मी विचारले, "उतारू तुळजापूरला जायचे म्हणाला तर?"

"न्हाय म्हणीन."

"घरात पीठ नसताना म्हणाल?"

चन्नम्मा उठून आत गेली.

कासीम म्हणाले, "अण्णा, त्या गिअरचं काय झालंय ते मी हितनंच सांगतो. वैनींनी इतकी वर्सं दांडा दाबून धरला. दांडा धरला की आतला फोर्क, म्हंजी चाक सरकवनारा चिमटा, चाकाला घासत ऱ्हातो. झिजून पातीसारखा झाला असंल. लई खर्चाचं काम. भंगारच बरं."

नागम्मा तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "सांगा की. बसल्या जागी सांगायला काय लागतंय."

"राग नको वैनी. पन ती काय हात ठिवायची जागा हाय?"

"मी हौसेनं ठिवला व्हय? खाली दरी दिसत हुती, म्हणून ठिवला. आन् ऐका. दुसरा बसतच न्हाय. बाकीचं तिन्ही टक् करून बसत्यात. त्यो मऊ जागी जातो आन् थांबतो. उशीवर डोकं टेकल्यावाणी."

मी म्हणालो, "हे इतक्या वर्षांत सांगितले का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमी म्हणालात, धर. मी धरला. हाताला कसा लागतोय म्हणून कवा इचारलंत?"

कासीम मिस्त्री पान चघळायचे थांबले. गिअरबॉक्समध्ये मऊ असे काहीही नसते, हे त्यांना व मला दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही शेडमध्ये गेलो. कासीम माझ्या जागेवर बसले. डोळे मिटून त्यांनी एकेक गिअर टाकून पाहिला. दुसऱ्यावर आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग वाकून त्यांनी दांड्याच्या बुडाशी, डाव्या अंगाला, सीटला लागून हात घातला आणि एक चौकोनी, काळी, लाकडासारखी कडक वस्तू ओढून बाहेर काढली. ती चादरीची घडी होती. आपल्या सोलापूरचीच चादर, जाड सुताची, धूळ आणि ऑईल पिऊन घट्ट झालेली.

साहेबांच्या ड्रायव्हरने मोटार घरी आणून सोडली त्या दिवशी नागम्मा पुढे बसून पाहत होती; गिअरबॉक्सचा ताव तेथून वर आला आणि तिचे पाय भाजले. म्हणून तेव्हाच ती घडी तेथे कोंबली होती. दुसरा गिअर टाकताना दांडा डावीकडे घेऊन मागे ओढावा लागतो. तो नेमका त्या घडीला जाऊन टेकत होता.

"पाय भाजत्यात म्हणून भांडत कोन हुतं?" कासीम म्हणाले.

"चादर कोंबा म्हणालं कोण?" नागम्मा म्हणाली.

"जुनी कोंबा म्हणालो हुतो, वैनी. अण्णांनी नवी कोरी कोंबली. चांगली जाड बघून."

ती घडी मी कोंबली होती, ही गोष्ट खरी आहे. नवी होती, हेही खरे आहे. जुनी तिच्या पायांना टोचली असती.

कासीम यांनी मला बसण्यास सांगितले. मी दांडा मागे ओढला. तो ओळखीच्या जागी आला, तेथे थांबला नाही, आणखी बोटभर मागे गेला आणि टक् असा आवाज झाला. ती मोटार इतकी वर्षे माझ्याजवळ आहे. तिचा हा आवाज मी प्रथमच ऐकला.

कलम पाचवे. कलम चौथ्याचा भंगाराचा भाग रद्द समजावा. तसे ठरविताना मी घाई केलेली नाही. दुसऱ्या दिवशी कासीम यांनी गाडीतील खालचा पत्रा काढून गिअरबॉक्सचे वरचे झाकण उघडले. मी विजेरी घेऊन वाकून पाहिले. आत सोनेरी ऑईलात चाके एकमेकांत हात गुंतवून उभी होती. इतके दिवस ज्यांचा नुसता आवाज ओळखत होतो ती अखेर समोर होती, आणि मला वाटले होते त्याहून ती लहान निघाली. दुसऱ्या गिअरचे दाते टोकाशी गोल झालेले होते. मात्र मुळाशी, जेथवर आजपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते, तेथे ते कोरे होते. कारखान्यातील हत्याराची रेघसुद्धा त्यांवर दिसत होती. मी विचारले, एवढ्यावर भागेल काय? कासीम म्हणाले, "आता पुरा बसला तर ह्या कोऱ्या भागावरच धरंल. फोर्क घासलाय, पन पात न्हाय झाला. वैनींची सही हाय त्याच्यावर, ऱ्हाऊ द्या."

नंतर आम्ही तुळजापूरच्या घाटात गेलो. कल्लप्पा चालवीत होते, मी व कासीम मागे, नागम्मा पुढे आपल्या जागी. उतार लागताच तिचा हात दांड्याकडे गेला. मी म्हणालो, हात मांडीवर ठेव. तिने ठेवला. संपूर्ण घाट गिअर जागचा हलला नाही. एका वळणावर समोरून लॉरी आली, कल्लप्पांनी गॅसवरचा पाय काढला, गाडीने स्वतःला रोखून धरले. मागून मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. ताठलेला तो खांदा खाली आला.

सबब सदर मोटार माझ्यामागे जावई कल्लप्पा यांची व्हावी. त्यांनी ती भाड्याने चालवावी आणि घर चालवावे. अटी पुढीलप्रमाणे.

गिअरचे ऑईल नव्वद नंबरचेच घालावे. इंजिनाचे जळके तेल घालणारे ड्रायव्हर सोलापुरात आहेत; त्यांच्यात बसू नये. ऑईल बदलताना गाडी आधी फिरवून आणावी, म्हणजे गाळ तेलाबरोबर उतरतो. बाजूचा नट काढून बोट घालावे, पेराला ऑईल लागले पाहिजे. निघालेले ऑईल टाकण्यापूर्वी बोटांत चोळून पाहावे आणि उन्हात धरावे. चुंबकाला लागते ते पोलाद, लागत नाही आणि तरी चमकते ते पितळ. कोणते वाढले यावरून आत काय चालले आहे ते समजते. चुंबक कासीमकडे राहील, मागून आणावा. क्लचवर पाय ठेवून बसू नये. दांड्याला हात गिअर बदलण्यापुरताच लावावा. वरून खाली गिअर घेताना मधल्या जागी क्लच सोडावा, किंचित गॅस द्यावा, पुन्हा क्लच दाबावा. चाकांना एकमेकांचा वेग ओळखण्यास अवधी लागतो. थंडीत सकाळी दुसरा जड जातो. कोऱ्या दात्यांमुळे तो आता पूर्वीहून जड जाईल की हलका, हे मला पाहावयाचे आहे. मी नसल्यास कल्लप्पांनी पाहावे आणि कासीम यांना सांगावे.

कलम सहावे. माझे दफन आमच्या रिवाजाप्रमाणे करावे. मिरवणुकीसाठी ही मोटार वापरू नये. इतक्या कमी वेगात ती तापते.

कलम सातवे. घाट उतरून आम्ही पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा सर्वजण आनंदात होते. कासीम यांनी कल्लप्पांच्या पाठीवर थाप मारली. नागम्मा गाडीतून उतरली नाही. मी तिचा चहा घेऊन गेलो. ती दांड्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "झालं की मग. आता मी कशाला लागते?"

मी चहा दिला आणि बशी धरून उभा राहिलो. लग्न होऊन आल्यापासून ती बाळीवेशीबाहेर गेली ती या मोटारीतूनच, आणि दांडा धरण्यासाठीच. तिने कसलेही कारण सांगून रस्ता कधी मागितला नाही, मीही कधी दिला नाही. गिअर सुटत होता म्हणून तो तिला मिळाला.

सबब असे लिहून ठेवतो की, मोटारीची मालकी कल्लप्पा यांची असली तरी पुढील डावी सीट नागम्माची राहील. ती तहहयात तिची आहे. ती येते म्हणाल्यास, भाडे कोणत्याही गावचे असो आणि उतारू कितीही असोत, त्या सीटवर दुसऱ्यास बसवू नये. ती का येते, हे कोणी विचारू नये. दांड्याला हात लावण्याची तिच्यावर सक्ती नाही. तिने लावल्यास तिला मनाई करू नये. फोर्क झिजल्यास नवा बसवावा.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खाडाखोड नाही.

सही: विरुपाक्ष मडिवाळप्पा होनमुर्गी

आमच्यासमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली:

१. इसूफ मेहबूब मुजावर, टायर दुरुस्ती, होटगी रस्ता
२. शिवप्पा गुरुलिंगप्पा कोरे, निवृत्त शिक्षक, बाळीवेस

मुक्काम सोलापूर, दिनांक ९ डिसेंबर १९७६