मिक्स झाल्यावर

उत्रोली, ता. भोर
१० फेब्रुवारी २००४

शाकिरभाई,

सलाम. अब्बांचा गुडघा कसा आहे? हितं सगळे बरे. आई तुझी आठवण काढते. मी काढत न्हाई.

धनश्रीच्या गाण्याच्या ट्रॅकवर कॉम्प्युटरातला कॉम्प्रेसर लावून आवाज वर उचलला, त्या घडीला माझं सगळं फिरलं. फोनवर मी चढतो आणि तू फोन ठेवतोस, म्हणून लिहितोय.

आठवतं का, ती माझ्या खोलीत रेकॉर्डिंगला गायला उभी राहिली आणि शेजारची गिरणी सुरू झाली. तुमा दोघांना तिथंच सोडून मी गिरणीवाल्या फुलाबाईला थांबवायला पळालो. आपल्या बँडचं हेवी मेटल म्हणजे तिला भूतबाधाच. "माझं दळण थांबवू व्हय? आधी तुझ्या खोलीतलं वरडणारं थांबव की मेल्या!" दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. त्या सगळ्या वेळात माईक चालू राहिला होता. तुमाला ठाऊक न्हवतं. मलाबी न्हाई.

संक्रांतीला सगळे ट्रॅक जुळवून मिक्स करायला बसलो. तिचा आवाज कधी गिटारखाली बुडायचा, कधी एकदम कानात घुसायचा. म्हणून मोठं होतं ते कॉम्प्रेसरनं दाबलं आणि मग सगळंच वर घेतलं. असं केलं की तळाला पडलेलं बारीकसारीकही वर येतं. तिचा श्वास आला, खुर्चीची करकर आली. आणि तू आलास, तिला विचारताना.

"भैरूला सांगितलंस का?"

"मिक्स झाल्यावर. आत्ता सांगितलं तर गाणंच फेकून देईल."

काय सांगायचंय रे? तुला ठाऊक आहे, मला न्हाई. तेव्हापासून एकेक आठवतंय. कामथडीहून तिच्या भोरला तुझ्या इतक्या खेपा कशाला व्हायच्या? तुझ्या गिटारचा पट्टा तिनं का शिवून दिला? माझ्या शर्टाचं बटण दिवाळीपासून तुटलंय, ते तिला दिसलं न्हाई.

मग रागानं मिक्समधली तुझी गिटार चेपली. तूच म्हणायचास, "आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शननं ती आधीच दाबलेली असते, अजून कशाला दाबतोस?" तरी दाबली. वर सगळ्या गाण्यावर आवाजाचे शेंडे छाटणारा लिमिटर इतका आवळला की आवाज मोठा झाला आणि ड्रमचा ठोका मेला. भिंतीसारखं सपाट.

नीट करायला एक दुपार पुरली असती. पण मिक्स झाला की ती सांगणार. म्हणून रोज काहीतरी खुडबुड करत बसायचो.

काल ती आली.

"झालं का रे?"

"लिमिटर नीट बसत न्हाई."

"संक्रांतीपासून बसतोय तो! तू मुद्दाम लांबवतोयस, भैरू."

"तुला काय सांगायचंय ते आत्ता सांग."

ती चप्पल घालत म्हणाली, "बघ, चढला आवाज." आणि गेली.

कॉलेज मी बँडसाठी सोडलं, असं तुला सांगितलं होतं. तू पाठ थोपटलीस. पण बँड काय, पुण्यात राहूनही झाला असता. धनश्री भोरात होती, एवढंच. हे तिलाही कधी बोललो न्हाई. तू ओळखलं असशील. ओळखूनही गप्प बसलास का, हेच मला खातंय.

आज सकाळी तुझ्या गिटारवरचं दाबणं काढून टाकलं. लिमिटर शेवटी, नुसते शेंडे धरण्यापुरता ठेवला. ठोका परत छातीत बसतोय. लई भारी वाजवलंयस, हरामखोरा. तिचा आवाज तुझ्या गिटारवर असा बसतो, की ऐकवतही न्हाई आणि बंदही करवत न्हाई.

तुमचं बोलणं कापलं. गाण्यात ते न्हाई.

एक सीडी ह्या पाकिटात घालतोय. दुसरी घेऊन तिच्याकडं निघालोय. मिक्स झालाय, आता तिनं सांगावं. मी चढणार न्हाई असं वचन देत न्हाई. पण पुरतं ऐकल्याशिवाय तिथनं हलणार न्हाई.

ह्या ओळी बाहेर पायरीवर बसून लिहितोय. कॉम्प्युटर बंद केला, दार ओढून कडी घातली.

अजून तरी तुझाच,
भैरू