मागच्या कप्प्यातलं पाणी

अकोला,
१९ मे २०२४

चि. किशोर यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. ऊन असं की कूलरसमोर बसूनही जीव नकोसा होतो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. फोनवर बोलावं तर आई शेजारी असते, म्हणून पत्र.

तुझ्या माशांच्या टाकीचं आधी लिहिते, कारण तू तेच आधी विचारतोस. अमरावतीच्या नव्या फ्लॅटमध्ये जागा झाली की नेतो म्हणून दिवाळीत ती इथे ठेवून गेलास. आईबद्दलही तेच म्हणाला होतास.

मला त्या खाऱ्या पाण्याची शिसारी बसली आहे. तू व्हिडिओ कॉलवर सांगितलंस ते सगळं केलं. पंप खोलला, आतलं बुळबुळीत शेवाळ बोटाने काढलं. स्पंज धुतला, त्या वासाने जेवण गेलं नाही. पाइपचे सांधे आवळले. तरी पुन्हा प्रवाह मंद आणि टाकीभर बारीक बुडबुडे. टाकीच्या मागे पंपाचा कप्पा आहे, त्यातलं पाणी खाली जातं आणि पंप हवा ओढतो, एवढं मला कळलं. उन्हाने उडत असेल म्हणून मी साधं पाणी भरत राहिले.

पण खारटपणा मोजायचा काटा उतरतच चालला. मासे मलूल होऊन तळाशी पडू लागले. तूच सांगितलं होतंस, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मग मीठ जात कुठे होतं?

अंगणातला कढीपत्ता जळाला तेव्हा समजलं. मुळाशी मिठाचा पांढरा थर होता. आई रोज कप्प्यातून तांब्याभर पाणी काढत होती. नळाची अशी बोंब, तिच्याने ते मोरीत ओतवलं नाही. झाडाला घातलं.

विचारलं तर म्हणाली, "बुडबुडे आले का किशोर फोन करते. नाही तं त्याले टाइम कुठी भेटते?"

तुझा फोन वाजला की ती केस विंचरून टाकीजवळ खुर्ची ओढायची. मला वाटायचं, माशांचा लळा लागलाय. परवा तू म्हणालास, "ताई, आईले जरा बाजूले सरकव, पंप दिसून नाही राहिला." ती हसत हसत सरकली.

स्पंजाच्या घाणीची किळस हात धुतले की जाते, किशोर. तुझी आली आहे ती जात नाही.

आज कप्पा खुणेपर्यंत भरला आहे. प्रवाह छान, बुडबुडा एकही नाही. म्हणजे तुला फोन करायला काही कारण उरलं नाही. हे आईलाही कळतं. तिने सकाळीच तांब्या घासून टाकीशेजारी ठेवला आहे.

मी तो तिथून उचलणार नाही. माशांसाठी तरी ये.

तुझी ताई,
ज्योत्स्ना