शेवंती उभी राहत नव्हती

प्रिय योगिनी,

पत्र बघून घाबरू नकोस. माणसं, मेंढरं, कोंबड्या, सगळी ठीक आहेत. फोन केला की एक तर तुझ्या कंपनीतली जेवणाची सुट्टी संपते, नाहीतर माझ्या फोनचं चार्जिंग. सध्या ज्यांच्या रानात आपली मेंढरं बसवली आहेत, त्यांचा विश्वजीत रोज शेंद्र्याला ड्युटीला जातो. जाताना तो हे करमाडला तुझ्या खोलीवर देईल. बारावी होऊन मेंढरं राखतो म्हणून तू मला चिडवतेस ना, तर घे, शिक्षण आज कामाला आलं.

परवा मी शेवंतीवर ओरडलो. साधासुधा नाही, पार घसा बसेपर्यंत. तेव्हापासून मनाला नुसती टोचणी लागून राहिली आहे. आबांना सांगितलं तर ते म्हणतील, घोडीवर वरडलास तर काय झालं, जनावर हाय ते. म्हणून तुला सांगतो. ती माझ्यापेक्षा तुझीच जास्त आहे.

झालं असं की बिऱ्हाड हलवायचं होतं. आपल्यात घोडी लादायचं काम बायांचं. आम्ही पुरुष मेंढरं घेऊन तांबडं फुटताच निघणार आणि तुम्ही मागून अख्खं घर पाठीवर घालून आणणार. इतकी वर्षं मी मुक्कामाला पोचायचो तेव्हा चूल पेटलेली असायची. ते घर तिथं कसं आलं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. यंदा श्रेयाच्या शाळेसाठी तू करमाडला राहिलीस, आईचा गुडघा सुजून भोपळा झालेला, मग म्हटलं, त्यात काय अवघड आहे? दोरी घ्यायची, बांधायचं, चालू पडायचं. आबा मेंढरं घेऊन पुढं गेले आणि मी बाह्या सरसावल्या.

अंथरुणं टाकली, बाजरीचं पोतं टाकलं, मेंढरांभोवती लावायची जाळी, म्हणजे आपली वाघूर, टाकली. शेवंती एक पाय उचलायची, दुसरा टेकायची, मान वळवून मागं बघायची. मी गाठ मारायला गेलो की ही बाजूला सरकणार. मोठं पातेलं आणि तवा वर फेकला, तशी ती अशी उसळली की भांडी खाली, पोतं खाली, कोंबड्यांची डालगी उलटी. कोंबड्या तुरीच्या पिकात आणि मी त्यांच्यामागं. परत आल्यावर माझं डोकंच फिरलं. लगाम हिसडून म्हणालो, अवदसे, एका जागी उभं राहता येत नाय का तुला? फुकटचं खाऊन माजलीस! आणखीही बोललो, ते लिहीत नाही, पत्र श्रेया वाचेल.

त्यानंतर ती हलली नाही. कान मागं टाकून, मान खाली घालून उभी राहिली, आणि मी कसंही बांधलेलं ओझं घेऊन चालली. गाठी सुटत होत्या, एका बाजूला सगळं कललं होतं, तरी तिनं वाटेत एक भांडं पाडलं नाही. योगिनी, काय जनावर आहे गं हे! श्रेया तान्ही असताना तू तिला ह्याच पाठीवर झोळीत बांधून घाट उतरली होतीस, आणि मी खाली बसून तंबाखू मळत होतो. मुक्कामाला आल्यावर मी भाकरीचा तुकडा पुढं केला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. बरं वाटलं नाही मला. माझं जेवणही गेलं नाही.

आई आमच्या मागून किती वेळानं पोचली. दर झाडाखाली बसत बसत आली. बाजेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "तिला सांगितलं व्हतं का तू?" मी म्हटलं, काय सांगायचं? तर म्हणाली, "आरं, योगिनी तिला एकेक वस्तू दावायची. हुंगू द्यायची. हे पातेलं हाय, वाजंल बरं का, म्हनायची, मंगच वर ठिवायची. तिच्या पाठीवर काय टाकनार ते तिला नगं का कळाया?" तू लादताना पुटपुटायचीस ते मी कितीदा लांबून पाहिलं होतं. खरं सांगू, मला वाटायचं तू मला शिव्या घालतेस.

आज सकाळी पुन्हा बिऱ्हाड हलवलं. आबा नजरेआड होईपर्यंत थांबलो, कारण ते हसले असते. मग शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. पहिल्यांदा माफी मागितली, ती कशी मागितली ते विचारू नकोस. मग म्हटलं, हे अंथरूण. तिनं हुंगलं. ही बाजरी, जड आहे. ही वाघूर. पातेल्यावर आधी हळूच बोट वाजवून दाखवलं. कान टवकारले, अंगावरून एक शिरशिरी गेली, पण पाय हलला नाही. तवा मात्र तिला अजून आवडत नाही, तेव्हा जरा नाचली. कोंबड्या वर चढल्या आणि ती घर घेऊन अशी निघाली, की मीच तिच्यामागं मुकाट चालत होतो. गाठी मात्र तुझ्या हाताच्या त्या तुझ्याच. माझी वाटेत दोनदा सुटली.

आता हे का लिहिलं ते सांगतो. आईच्यानं यापुढं चालवणार नाही. मी आणि आबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की तिला तुझ्याकडं आणून सोडायचं. तुझ्या सुट्टीच्या दिवशी टेम्पोत बसवून थेट दारात उभी करायची, म्हणजे तुला नाही म्हणता येणार नाही, ही अक्कल माझीच. तुझी एवढीशी खोली, श्रेयाची शाळा, तुझी ड्युटी, त्यात आईची औषधं आणि पथ्यपाणी. उचलणार तू, आणि तुला एका शब्दानं विचारलं नव्हतं. आज शेवंतीला लादून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. आधी आईला विचारलं, योगिनीकडं राहायला जाशील का? ती म्हणाली, "मला ईचारलंस, लई झालं. पन तिला ईचारलं का? ती व्हय म्हनली तरच मी टेम्पोत बसंन." म्हणून विचारतोय. नीट विचार कर. नाही म्हणालीस तर गावाकडं दुसरी सोय बघू, मी ओरडणार नाही आणि आईही मनात काही धरणार नाही. विश्वजीत संध्याकाळी तुझ्या खोलीवरून परत येईल, त्याच्याजवळ उत्तर दे. आईनं अजून गाठोडं बांधलेलं नाही.

तुझाच,
अजिनाथ