पेपर तीन पानांत कळतो

३ जून, सकाळी
यंदा प्रोफेसर होणार, नक्की. मुलाखत ऑगस्टअखेर. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, फक्त तुमचं मॉडेल तुमच्याशिवाय आणखी कुणी वापरलेलं दाखवा. संशोधनाच्या जर्नलने छापलेला किंवा स्वीकारलेला एक पेपर पुरे. एवढंच ना! सरकारचा खर्च आणि बँकेचा व्याजदर एकमेकांच्या पायात पाय कसे घालतात, हे माझ्याइतकं स्वच्छ कुणी मांडलेलं नाही. इतकी वर्षं कुणी वापरलं नाही, कारण जग अजून तिथवर पोचलेलं नाही.

११ जून
संकल्प: रोज सकाळी नवीन लिखाण. आज जमलं नाही. पंखा आवाज करतो.

१९ जून
व्याजदर वाढणार, असं वर्गात ठासून सांगितलं. दुपारी कमी झाला. बँकेचं चुकलं. बायकोने विचारलं, मग आता घर घ्यायचं का? तिला म्हटलं, मी देशपातळीवर विचार करतो.

२ जुलै
एका जर्नलकडून परीक्षणासाठी पेपर आला. लेखकाचं नाव झाकलेलं. विषय माझाच. चला, संपादकांना तरी माझी किंमत आहे. उद्या वाचतो.

३० जुलै
संपादकांचा तिसरा आठवणीचा मेल. पहिली तीन पानं वाचली. पेपर तीन पानांत कळतो, हा माझा नियम. प्रस्तावनेत नेहमीची बडी मंडळी. माझं नाव नाही. डोकं फिरलं. लिहिलं, 'या विषयातल्या मूलभूत कामाची लेखकाला गंधवार्ता नाही. नाकारावा.' चहा गार व्हायच्या आत अहवाल पाठवला. बायको म्हणाली, अहो, पूर्ण तरी वाचायचा. तिला यातलं काय कळतंय.

१४ ऑगस्ट
पेपर नाकारल्याचा मेल. रिवाजाप्रमाणे सोबत दुसऱ्या परीक्षकाचा अहवाल. त्याचं मत, स्वीकारावा. 'पान चौदापासून लेखकाने एका विसरलेल्या मॉडेलला जीवदान दिलं आहे.' पुढे माझं नाव.
संपादकांनी खाली लिहिलंय, स्वतःच्याच मॉडेलवरचा पेपर असूनही आपण इतकं निःपक्षपाती मत दिलंत, म्हणून आपलाच शब्द अखेरचा मानला.

१५ ऑगस्ट
पान चौदा वाचलं. माझं मॉडेल मला पहिल्यांदाच नीट समजलं. काही वाटलं नाही. नखं कापली.

२९ ऑगस्ट
मुलाखत झाली. मॉडेल कुणी वापरलंय का, विचारलं. वापरलंय, म्हणालो. कुठे छापलंय? फाइल मिटली. घरी बायकोने विचारलं, काय झालं? जग पोचलं होतं, मीच दारातून परत पाठवलं, असं सांगणार होतो. पंखा दुरुस्त करून घ्यायला हवा, एवढंच म्हणालो.