सकाळी दहानंतरची नियत

जिंतूर, शुक्रवार

प्रिय मित्र मन्मथअप्पा यांना अलीमोद्दीनचा आदाब, आणि तुमच्या पद्धतीनं शरणार्थ.

ताजी बातमी आधी सांगतो, म्हणजे मग निवांत भरकटता येईल. गेल्या रमजानात सुटलेले माझे बाराच्या बारा रोजे भरून झाले, असं मी तुम्हाला मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. ते आठच भरले आहेत. आमच्या मशिदीच्या हाफिज साहेबांनी काल दुपारच्या नमाजनंतर तसं स्पष्ट सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी नव्या रमजानचा चांद बघायचा आहे. म्हणजे उद्यापासून चार दिवस आणि चार रोजे, मधे एकही सुटीचा दिवस नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? बसम्मावहिनी सांगतात ते तेल लावता का, की बाटली नुसती देवळीत ठेवून तिच्याकडे बघता? घरात लग्नाची धावपळ असेल, तरी हे पत्र शांतपणे वाचा. फोन केला असता, पण तुम्ही मधेच हसता आणि मग माझा पुढचा मुद्दा राहून जातो. पत्र आमच्या गल्लीतल्या परमेश्वरच्या हाती देतोय. तो रोज तुमच्या मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला येतो.

मूळ दोष मुतखड्याचा. गेल्या रमजानात त्यानं मला आडवं केलं, तेव्हा तुम्ही शहाळी घेऊन दवाखान्यात आला होता (दोन आणली आणि एक स्वतःच प्यालात, तेही आठवतं). डॉक्टरांनी तासाला दोन पेले पाणी प्यायला सांगितलं. तासाला दोन पेले आणि रोजा, या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमत नाहीत. आजाऱ्याला आमच्यात सवलत असते, पण माफी नसते. बरं झाल्यावर तेवढेच दिवस रोजे धरून द्यायचे, त्याला कजा म्हणतात. रफियाचं म्हणणं होतं की ईद झाली की लगेच सुरू करा. मी म्हटलं, हिवाळ्यात धरू, दिवस लहान असतो. जूनमधला सूर्य सात वाजत आले तरी जागचा हलत नाही, डिसेंबरातला सहाच्या आत घरी जातो. गणित बरोबर होतं. फक्त परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात माणसाला कोणी उपाशी राहू देत नाही, एवढं मी धरलं नव्हतं. हुरडा सुरू झाला. किशनरावांच्या शेतातल्या आखाड्यावर मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा जाताना मनाला सांगितलं की आगटीपाशी नुसतं शेकत बसायचं. डिसेंबर असा गेला.

जानेवारीत मात्र नेटानं लागलो. पहाटे उठून सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, मग दिवसभर काही नाही, आणि सूर्य मावळला की खजूर. असे आठ झाले. उरलेल्या चारांची कथा वेगळी आहे. एकदा गजर झाला आणि मी तो बंद करून झोपलो. एकदा रफिया पूर्णेला बहिणीकडे गेली होती आणि चहा करायला कोणी नव्हतं (साखर कुठं ठेवते हे मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही). एकदा सिलेंडर संपला. एकदा पेन्शनच्या कामासाठी पहिली एसटी धरून परभणीला गेलो आणि रांगेत उभा राहिलो. चारही वेळा दहा वाजून गेले तरी पोटात काही नव्हतं. मग विचार केला की इतकं उपाशी राहिलोच आहे तर ते वाया कशाला घालवा. तिथंच मनात रोज्याची नियत, म्हणजे संकल्प, केली, आणि संध्याकाळी कॅलेंडरवर खूण.

बारा खुणा झाल्यावर मी पेढे घेऊन मशिदीत गेलो. इथं चुकलो. गुपचूप बसलो असतो तर आज सुखात असतो. हाफिज साहेब म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, चौथीतला. त्यानं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही, आणि विचारलं, "गुरुजी, नियत फजरच्या आधी केली होती ना?"

मी म्हटलं, "आठ वेळा आधी. चार वेळा जरा उशिरा."

"जरा म्हणजे?"

"दहा. एकदा सव्वाअकरा."

"मग ते चार नफिल झाले, गुरुजी. सवाब मिळंल, वाया जाणार न्हाई. पण कजा उरलाच. कजाची नियत उजाडायच्या आधी करावी लागती."

(नफिल म्हणजे आपखुशीचा रोजा, सवाब म्हणजे पुण्य.) मी म्हटलं, उपास तर पूर्ण केला ना, भूक तीच, तहान तीच. तो हसला नाही. म्हणाला, "तुमी प्रार्थना झाल्यावर आलेल्याची हजेरी लावत नव्हता. मी चारदा व्हरांड्यात उभा राहिलोय." पेढा मात्र त्यानं खाल्ला.

तुम्ही म्हणाल, रमजान झाल्यावर धरा, कोण अडवतंय? अडवत कोणीच नाही. पण मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि आत अजून एक खडा शिल्लक आहे, असं सोनोग्राफीवाला म्हणतो. पुढचा हिवाळा मला मिळेलच असं डॉक्टर लिहून देत नाहीत. तेव्हा मंगळवारपर्यंत उरकायचं ठरवलं आहे. बाकी इकडे सर्व ठीक. वहिनींना आदाब, पंकजला आशीर्वाद.

तुमचा,
अलीमोद्दीन

ता. क. – रविवारी आपल्या त्रिवेणीचं लग्न आहे आणि रविवारी माझा दहावा रोजा आहे. पत्र खरं यासाठीच. आजवर माझे कितीतरी नफिल रोजे तुमच्या घरी सुटले, कारण वहिनी ताट पुढं करतात आणि यजमानाचं मन राखण्यासाठी नफिल सोडता येतो. कजाला ती सोय नाही, हेही हाफिजला विचारून आलोय. तेव्हा मला वाढप्यांत घ्या. पंगतीत न बसणाऱ्या पाहुण्याला शंभर जण जेवलात का विचारतात, हातात बादली असलेल्याला एकही विचारत नाही. बादली वरणाची द्या, जिलबीची नको. आणि वहिनींना सांगून एक ताट झाकून ठेवा, साडेसहाला बसेन.

ता. क. दुसरा – रफियानं पत्र वाचलं. म्हणाली, "बारा कुठले वो, तेरा. गेल्या रमजानच्या शेवटच्या रोज्याला दुपारी मोसंबी कुणी खाल्ली, मी का?" खाल्ली होती. म्हणजे आता चार दिवस आणि पाच रोजे. मंगळवारी चांद दिसला नाही तरच बुधवार मोकळा मिळेल. हाफिज साहेब म्हणतात, आभाळ साफ आहे, दिसेलच. सगळी गल्ली मशिदीच्या गच्चीवर जाणार आहे. मीही जाईन, चष्मा घरी ठेवून.